हातचा राखलेला आवाज

पौषातल्या एका सकाळी मी संगणक चालू केला आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. परवाना तपासता आला नाही. खाली एकच बटण, 'ठीक आहे'. ठीक काय आहे डोंबल! त्या ओळीच्या पलीकडे माझ्या वडिलांचा आवाज होता, आणि तो मला फाल्गुनाच्या आत बाहेर काढायचा होता.

मी घोडेगावात स्पीकरचा धंदा करतो. लग्न, सप्ताह, यात्रा, शाळेचं गॅदरिंग, जिथं आवाज मोठा करायचा तिथं मी. आईबाबा वर डोंगरात, तळेघरच्याही पुढं, भाताच्या खाचरांवर राहतात. चार वर्षांपूर्वी बाबांना घशाचा कॅन्सर निघाला आणि पुण्याच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास चालतो, आणि बोलायचं ते पाटीवर. शाळेच्या पोरांची असते तसली दगडी पाटी. गावोगाव आवाज पुरवणाऱ्याच्या बापालाच आवाज नाही. देवाला विनोद सुचतात ते असले.

गेल्या पावसात आमच्या वरच्या खाचराचा बांध वाहून गेला आणि गावानं फाल्गुनात आमच्याकडे पडकई ठरवली. पडकई म्हणजे उताराची जमीन फोडून, दगड काढून, बांध घालून भातासाठी खाचर करायचं, ते एकट्याच्यानं होत नाही म्हणून घरटी एक गडी येतो. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. मजुरी नाही, दुपारचं जेवण ज्याचं रान त्याच्या घरी. आणि एक माणूस बांधावर उभा राहून भलरी म्हणतो. त्यानं ओळ टाकायची, पहारी-कुदळी चालवणाऱ्यांनी ती झेलायची, त्या तालावर दगड हलतात. आमच्या वाडीत तीस वर्षं तो माणूस म्हणजे बाबा. ज्याच्या रानात काम, त्याची खोडी काढत ओळी जागच्या जागी जुळवायचे. माणसं हसत हसत दुप्पट काम करायची.

पडकई ठरली त्या दिवशी मी वर गेलो होतो. बाबांनी पाटी पुढं केली. लिहिलं होतं, 'माझा आवाज लाव.'

तो आवाज माझ्याकडे होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तो भरून घेतला होता, पुण्याला निघायच्या आधी, घराच्या पडवीत. धंद्यासाठी घेतलेलं एक जुनं परदेशी मशीन होतं, साबणाच्या डबीएवढं. ते आवाज आपल्या पद्धतीनं दाबून, चुरगाळून थोडक्या जागेत बसवायचं. मग संगणकावर तो त्याच कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये उघडायचा, दुसऱ्या कशात उघडायचा नाही. त्या दिवशी सात फायली झाल्या. पहिली चाचणीची. मग चार भलऱ्या. सहावीत ते बैलांशी बोलतात. सातवीत त्यांनी आईला हाक मारली, खालच्या खाचरातून वर घरी मारायचे तशी, लांब.

भरून झाल्यावर आई म्हणाली, "ठिवलाय आवाज, आता ठिवच. सारखा उकरू नको. बियाची कणगी मधीच कोन उगडतं व्हय?"

हे शहरातल्या माणसाला सांगूनही पटायचं नाही. आमच्याकडे बियाण्याचं भात कणगीत भरलं की तोंड शेणानं लिंपून टाकतात. पेरणीपर्यंत ते उघडायचं नाही, त्यातलं मूठभर काढून दुसरीकडे ठेवायचं नाही. उघडलं की हवा लागते, टोके-किडे होतात, उगवण जाते. कणगी लिंपली की बाईसुद्धा तिच्याकडे फारसं बघत नाही. मी आवाजाचं तेच केलं. सात फायली एका डिस्कवर उतरवल्या, मशीनमधलं कार्ड पुढच्या लग्नाला लागणार होतं म्हणून रिकामं केलं, आणि डिस्क रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. नक्कल केली नाही. ऐकून बघितलं नाही. वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसानं! गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या मी तीन-तीन नकला करतो. पण बापाचा आवाज मला फाईल वाटला नाही, बियाणं वाटलं. घरच्या रीतीला मी धंद्याच्या अकलेवर बसवलं, आणि त्याची शिक्षा मी अजून भोगतोय.

तर परवाना. तो प्रोग्रॅम दर वेळी इंटरनेटवरून कंपनीच्या दारात जाऊन विचारायचा, हा माणूस आपला का? मधल्या काळात कंपनीनं ते दारच बंद केलं होतं. प्रोग्रॅम विकणं थांबवलं, विचारणा करायची सोय थांबवली. मी पत्रं लिहिली. माझं इंग्रजी म्हणजे लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूचं, तरी लिहिली. माझे वडील, त्यांचा घसा, कृपा करा. अडला हरी गाढवाचे पाय धरी. उत्तरं यायची ती यंत्राची, तुमचं पत्र आम्हाला महत्त्वाचं आहे. मला घरात कुणाशी धड बोलवेना. जेवताना घास फिरायचा. बाबांना बघायला वर गेलो की ते पाटीवर फक्त प्रश्नचिन्ह काढायचे आणि मी म्हणायचो, "व्हईल, व्हईल."

माघात कंपनीच्याच पानावर एक सूचना वाचली. त्यांनी तो जुना प्रोग्रॅम आतल्या सगळ्या लिखाणासकट मोकळा केला होता. कुणीही घ्या, आत बघा, बदला, वाटा. अट एकच, बदल करून वाटाल तर तुमचे बदलही असेच उघडे ठेवा.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. काल ज्याच्यासाठी हे परवाना मागत होते, ते आज रस्त्यावर ठेवतात? फुकट कोण देतं? मंचरच्या बाजारात संध्याकाळी कोथिंबीर फुकट वाटतात ती सडायला लागल्यावर. हे तसंच असणार, म्हटलं, सडलेलं असणार.

आणि मी जवळजवळ खराच ठरलो. मोकळा झालेला प्रोग्रॅम उतरवून घेतला. कंपनीनं नमुन्याला दिलेल्या नव्या मशीनच्या फायली त्यात झकास उघडल्या. माझ्या सातही उघडल्या आणि त्यातून नुसता घर्रर्र आवाज आला, गिरणीत दाण्याऐवजी खडे पडल्यासारखा. मी कानाला हेडफोन लावून तो घर्रर्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. सातव्या फायलीत कुठंतरी त्या खड्यांखाली ती हाक होती. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी रडलो, लाज कशाला वाटू द्यायची.

मग त्या प्रोग्रॅमच्या पानावर, जिथं लोक तक्रारी लिहितात तिथं, मी सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी एका बाईचं उत्तर आलं. ती त्या कंपनीतच नोकरीला होती आणि हा मोकळा प्रोग्रॅम बघायचं काम तिच्याकडे होतं. तिनं सरळ सांगितलं. जुन्या मशीनचा आवाज उलगडणारा तुकडा कंपनीनं तेव्हा दुसऱ्या कुणाकडून करारानं घेतला होता, तो आमचा नव्हता, म्हणून मोकळा करता आला नाही. काढून टाकावा लागला. तिथं आता भोक आहे.

भोक! मला माझ्या बापाचा गळा दिसला.

मी तिला जरा तोडूनच विचारलं की तुम्ही व्यापारी लोक, तुमचं हे दान कशासाठी? तिनं चिडून नाही, शांतपणे लिहिलं. दान नाही, म्हणाली. आमचं पोट मशीन विकण्यावर आहे, या प्रोग्रॅमवर कधीच नव्हतं. तो सांभाळायला चार माणसं लागायची, ती ठेवणं परवडेना. नुसता बंद केला असता तर जुनी मशीनं घेतलेली माणसं तुमच्यासारखी अडली असती आणि आमचं नवं मशीन घेताना त्यांनी दहा वेळा विचार केला असता. मोकळा केल्यावर बाहेरची माणसं त्यातल्या चुका काढतात, त्या दुरुस्त्या आमच्याच नव्या मशीनच्या उपयोगी पडतात. आणि ती अट अशासाठी की दुसऱ्या एखाद्या कंपनीनं आमचंच घेऊन, चार खिळे ठोकून, त्याला स्वतःचं कुलूप लावू नये. पुढं तिनं लिहिलं होतं की ते भोक बुजवायला दोघं-तिघं धडपडतायत, पण त्यांच्याकडे जुन्या मशीनच्या फायलीच नाहीत. तुमच्या सात द्याल का? पण त्या उघड्यावर राहतील. पुढं कुणीही काही बदल केला की तो बरोबर आहे का, हे त्या फायली उघडूनच तपासलं जाईल.

त्या रविवारी मी वर गेलो आणि बाबांना हे सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांना काय कळणार. आई तांदूळ निवडत ऐकत होती. मी म्हटलं, "कंपनीवाले लई शहाणे, सोताच्या फायद्यासाठीच करत्यात."

बाबांनी पाटीवर लिहिलं, 'पडकई.'

मला आधी उलगडलं नाही. त्यांनी वर बोट केलं. आमच्या खाचराच्या वरचं खाचर ज्याचं, त्याच्याशी बाबांचं पंधरा वर्षं बोलणं नव्हतं, बांधावरून भांडण. तरी त्याची पडकई बाबांनी एकदाही चुकवली नाही. एकदा मी लहानपणी विचारलं होतं तेव्हा म्हणाले होते, "त्याच्याशी बोलनं न्हाई माजं. पर त्याचा बांध माज्या डोक्यावर हाय. फुटला का माजं भात गेलं." आणि दिवसभर त्याच्याच रानात उभं राहून त्यांनी त्याच्यावरच भलरी रचली होती. तो खाली मान घालून हसत दगड उचलत होता.

म्हणजे मला इतके दिवस जे कोडं पडलं होतं ते चौथी शिकलेल्या माणसानं एका शब्दात सोडवलं. कुणी कुणावर उपकार करत नाही आणि तरी सगळ्यांची खाचरं भरतात. एवढं मी लहानपणापासून बघत आलो होतो आणि परदेशातल्या बाईनं लिहिलं तर मला त्यात कावा दिसला.

फायली उघड्यावर राहतील हेही मी सांगितलं. परकी माणसं ऐकतील, कुणीही घेईल. आई म्हणाली, "आता पेरनीच आलीया म्हना की. आता उगड कनगी." बाबांनी पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सगळं दे.'

मी मान डोलावली, खाली आलो आणि सगळं दिलं नाही.

हे लिहिताना मला कारणं सुचतात. कुणी बाबांची भलरी उचलून त्याच्यावर डीजेचे ठोके लावील, स्वतःचं म्हणून खपवील. मी स्वतः यात्रेत असली गाणी वाजवतो, मला माहीत आहे काय होतं ते. आणि ती सातवी फाईल, आईला मारलेली हाक, ती काय जगानं ऐकायची? ही कारणं खोटी नाहीत. पण खरं हे आहे की माझ्या आत एक कंजूष माणूस बसलाय, तो म्हणाला, सगळं कशाला, एकानं भागतंय का बघ. मी पहिली फाईल पाठवली. चाचणीची, सगळ्यात लहान, चाळीस सेकंदांची, जिच्यात काही नव्हतं. बाईला लिहिलं की सध्या एवढीच सापडते. तिनं आभार मानले आणि लिहिलं की एका फायलीवरून वेळ लागेल, जितक्या जास्त तितकं लवकर होईल. मी हातचं राखून वाट बघत बसलो. पडकईला सगळ्यांनी पहार आणायची आणि मी दाभण घेऊन गेलो होतो.

आठेक दिवसांनी, भर दुपारी, दुकानात डिस्क संगणकाला लावून मी उरलेल्या सहांवर काहीबाही करून बघत होतो. लाईट गेली. हे रोजचंच. मी चहा प्यायला समोर गेलो आणि तेवढ्यात आली, ती पांढरीफट. दिवे भगभगले, फट् फट् आवाज आला. बाहेर फांदी पडून न्यूट्रलची तार तुटली होती, त्यामुळे सगळ्या आळीत दुप्पट दाबानं वीज घुसली. समोरच्याचा फ्रिज गेला, माझे दोन अँप्लिफायर गेले, संगणक गेला. डिस्क हातात घेतली तेव्हा गरम होती आणि जळक्या रबराचा वास येत होता.

ती घेऊन मी पुण्यात तीन ठिकाणी फिरलो. तिसऱ्यानं झाकण काढून मला दाखवलं आणि म्हणाला, "आतलंच गेलंय, काका. दुसरी कॉपी असेल ना?"

असेल ना! नक्कल करायचं माझ्या मनात मधे आलं होतं. पण मुक्याची नक्कल मुकीच, असं म्हणून मी ते पुढं ढकललं. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतात. मी झोपा करायलाही उरलो नव्हतो. परत येताना खेडच्या पुढं घाटात गाडी बाजूला लावून मी अर्धा तास नुसता बसलो. त्या अर्ध्या तासात मनात आलं ते मी लिहिणार नाही.

बाबांना मी सांगितलं नाही. आईलाही नाही. "काम चालू हाय," म्हटलं.

फाल्गुनात पडकई झाली. तेवीस माणसं आली, तो वरच्या खाचरावालाही आला, सगळ्यात आधी. मी स्पीकर नेला होता, कारण नाही नेला तर विचारतील. तो बांधावर दिवसभर मुका उभा राहिला. वाडीतले लोक बाबांना आबा म्हणतात, त्यांनी दोनदा विचारलं, "भाऊ, लाव की आबांचं." मी वायरी चाचपल्याचं नाटक केलं. बाबा दगडावर बसले होते. पहारी बेताल पडायला लागल्या, कुणाची कुणाला लागेल असं झालं, तेव्हा त्यांनी उलटं घमेलं घेतलं आणि त्यावर दगडानं ठोका धरला. माणसं त्या ठोक्यावर लागली. बाबांचे ओठ हलत होते. तोंडातून काही येत नव्हतं, गळ्याच्या फडक्याखालून नुसती हवा फुसफुसत होती. मी जवळ उभा होतो म्हणून मला कळलं, ते ओळी टाकत होते. झेलायला कुणाला ऐकूच जात नव्हत्या. मी तिथून निघून गेलो, पाणी आणायचं निमित्त करून.

बांध पुरा झाला. चैत्र उजाडल्यावर त्या बाईचं पत्र आलं. भोक बुजलं होतं. तिघांनी मिळून बुजवलं, त्यातला एकही तिच्या कंपनीतला नव्हता आणि एक तर दुसऱ्याच मशीनवाल्या कंपनीचा नोकर होता. त्याच्या कंपनीतही असल्याच जुन्या फायली पडून होत्या, पण त्या उघड्यावर देता येत नव्हत्या म्हणे. जुन्या मशीनच्या सगळ्या फायली आता उघडतात, तुमच्या बाकीच्या सापडल्या तर त्याही उघडतील, असं तिनं आनंदानं लिहिलं होतं.

चाचणीची फाईल माझ्याकडेही उरली नव्हती. ती मी त्यांच्याकडूनच, सगळ्या जगाला मोकळी असलेल्या जागेवरून, परक्यासारखी उतरवून घेतली. मोबाईलमध्ये घातली आणि वर गेलो.

पडवीत बाबा आणि आई बसले होते, जिथं ती भरली होती तिथंच. मी लावली.

आधी खरखर. मग खोकला. मग बाबा. "हां, बोलू का? ... आरं पर काय बोलू? ... ऐकाया येतंय का?" मागून माझा आवाज, "येतंय, बोला." मग परत बाबा, वैतागून, "थांब जरा. आदी पानी दे." कळशीवर भांडं आपटल्याचा आवाज, आणि संपलं.

आईनं पदर तोंडाला लावला. बाबा मोबाईलकडे बघत होते. चेहऱ्यावर असं हसू की चार वर्षांत मी बघितलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की आता जगात कुठंही कुणी त्या प्रोग्रॅममध्ये बदल केला की यंत्र आधी हेच उघडून बघतं. तुमी 'ऐकाया येतंय का' म्हणता, ते बरोबर आलं तरच बदल पास. बाबांनी ते ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. मग पाटी ओढली.

'बाकीचं?'

आईही माझ्याकडे बघायला लागली. तिला सातव्या फायलीत काय आहे ते ठाऊक होतं.

मी बोलायला गेलो आणि माझ्या तोंडून आवाज निघेना. दोनदा प्रयत्न केला. शेवटी त्यांच्या हातातून खडू घेतला आणि त्यांच्या शब्दाखाली लिहिलं, 'जळालं. मी दिलं नव्हतं.'

बाबांनी वाचलं. आई उठून आत गेली. मग बाबांनी तळहातानं पाटी पुसली, माझी ओळ आणि त्यांचीही. खडू मागितला नाही. बोटानं मोबाईलकडे खूण केली, परत लाव.